शेवटचं घमेलं कुत्र्यांचं

मेव्याच्या कारखान्यात साडेपाचची घंटा झाली की टेबलं झाडली जायची. फुटके बदाम, काजूच्या कण्या, अक्रोडाची भुकटी, जमिनीवर सांडलेलं, यंत्रात चेपलेलं, वास आलेलं, सगळं एका घमेल्यात गोळा व्हायचं. मग ते घमेलं मागच्या फाटकाबाहेर भिंतीलगत रिकामं केलं जायचं. गल्लीतली चार-पाच कुत्री तिथे आधीच येऊन बसलेली असायची. ‘शेवटचं घमेलं कुत्र्यांचं’ हा नियम कुठे लिहिलेला नव्हता. थोरल्या मालकांनी तो घातला. ते गेले, नियम राहिला. घमेलं उचलायचा मान निवडीच्या टेबलावरच्या सगळ्यात जुन्या बाईचा, आणि गेली बरीच वर्षं ती बाई म्हणजे चाळणीमावशी.

तिचं खरं नाव हजेरीपटावर आहे. त्या नावानं हाक मारली तर ती आधी मागे वळून बघते, कोणाला बोलावतायत म्हणून. चोवीस वर्षं ती एकाच टेबलाशी, एकाच स्टुलावर बसते आहे. समोरच्या पट्ट्यावरून माल सरकत जातो आणि खवट, किडका, बुरशीचा दाणा बाजूला काढायचा. बाकीच्या बायका डोळ्यांनी निवडतात, मावशी बोटांनी. तिच्या उजव्या हाताचा अंगठा आणि पहिलं बोट झिजून इतकं गुळगुळीत झालंय की कारखान्यातलं ठशाचं यंत्र तिला ओळखत नाही. तिच्यासाठी अजून सहीचा कागद ठेवावा लागतो. शेजारच्या स्टुलावर तिची धाकटी जाऊ बसते. दोघी घरी एका छपराखाली, इथे एका दिव्याखाली. जाऊ म्हणते, “नवऱ्याचं तोंड मी जेवढं पाहिलं नाही तेवढं ताईंचं पाहिलंय.”

फाटकाशी बसणाऱ्या कुत्र्यांत एक तांबूस कुत्री होती. सकाळी आठला हजेरी लागायची तेव्हा ही फाटकात बसून एकेकीचा वास घ्यायची, म्हणून तिचं नाव हजेरी पडलं. तिच्या डाव्या कानाला त्रिकोणी खाच होती.

एका सकाळी हजेरी फाटकात नव्हती.

ती मागच्या भिंतीशी सापडली, वॉचमनला. पुढचे दोन पाय टेकून उठायला बघत होती आणि मागचे पाय कोणा दुसऱ्याचे असल्यासारखे जमिनीवर पडून राहत होते. अंगाला कंप होता. शेजारी दोनदा उलटी केलेली. वॉचमन दहा पावलं मागे सरला आणि म्हणाला, “पिसाळली.”

हा शब्द एकदा गल्लीत सुटला की पकडून आणता येत नाही. पाच मिनिटांत पुढच्या फाटकापर्यंत गेला, सातव्या मिनिटाला मालकांच्या केबिनमध्ये. मालक म्हणजे थोरल्या मालकांचा मुलगा, पस्तिशीचा, नीटनेटका. दोन दिवसांनी बाहेरचे खरेदीदार कारखाना बघायला येणार होते. त्यांनी फोन उचलला आणि कुत्री पकडणाऱ्या गाडीला पत्ता सांगितला.

मावशी तोवर मागे पोचली होती. ती कुत्रीपासून चार हात लांब उकिडवी बसली, पण बघत होती उलटीकडे. मग तिनं काडीनं त्यातला एक पांढरा कण पत्र्याच्या तुकड्यावर ओढला, त्यावर बाटलीतलं पाणी ओतलं, हातात निवडीचा रबरी मोजा चढवला आणि कण दाबला.

“ताई, काय करताय हे?” जाऊ म्हणाली. तिनं पदर नाकाला लावला होता.

“बदाम असता तर करकरला असता. काजूचं पीठ होतं. अक्रोडाला साल असते.” मावशीनं बोट पत्र्यावर फिरवलं. कण लोण्यासारखा पसरला. “ही गोटी आहे.”

गोटी म्हणजे मॅकडेमिया, परदेशातून येणारा मेवा. कारखान्यात हा माल नवा होता, जेमतेम चार दिवसांचा. कवच असं कठीण आणि गोल की सगळ्यांनी पहिल्याच दिवशी नाव ठेवून दिलं. फोडायचं यंत्र अजून नीट जुळवलेलं नव्हतं, त्यामुळे निम्मा माल चेपून निघत होता आणि आदल्या संध्याकाळी घमेलं काठोकाठ भरलं होतं.

मालक मागे आले तेव्हा मावशी उभी राहिली. “मालक, ही पिसाळलेली नाही. हिनं नवा माल खाल्लाय. कालचं घमेलं मीच ओतलं. बाकीची कुत्री पळाली असतील, हिनं एकटीनं सगळं संपवलेलं दिसतंय.”

जाऊ हळूच म्हणाली, “हात दाखवून अवलक्षण कशाला करून घेता?”

मालकांनी आधी आजूबाजूला कोण ऐकतंय ते पाहिलं. “मावशी, आपला माल माणसं खातात.”

“माणसं खातात ते माणसांचं. हिचं मी हिच्या पोटातून बाहेर आलेलं बघून सांगतेय.”

“परवा लोक येणार आहेत. त्यांच्या कानावर हे गेलं की इथल्या मालानं कुत्री लोळतात, तर पुढे काय बोलायचं मी? कुत्री पिसाळलेली आहे. गाडी येते. विषय संपला.”

“गाडी नेऊन काय करते ते ठाऊक आहे ना?”

“तुम्ही टेबलावर जा.”

मावशी टेबलावर गेली. वॉचमनच्या केबिनमधून तिनं एक फोन केला, कोपऱ्यावरच्या जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना. त्या म्हणाल्या, हातातलं टाक्यांचं काम संपवून अर्ध्या तासात येते, तोवर कोणी हात लावू नका. मग मावशीनं आपलं स्टूल उचललं, बदामाची न निवडलेली एक परात उचलली आणि दोन्ही घेऊन ती मागच्या फाटकाबाहेर आली. कुत्री आणि रस्ता यांच्या मधोमध तिनं स्टूल टेकलं आणि बदाम निवडायला लागली.

गाडी वीस मिनिटांत आली. दोन माणसं उतरली. त्यांतल्या थोरल्याच्या हातात फास लावलेली लांब काठी होती.

“बाई, बाजूला व्हा.”

“मी कामावर आहे.”

“रस्त्यात?”

“माझी सही झालीय. माल समोर आहे, हात चालू आहेत. विचारा मालकांना, परात घरी तर नेत नाहीये मी.”

मालक फाटकात उभे होते. गाडीवाल्यानं काठी भिंतीला टेकवली. “कोणाला चावलीय का ही?”

“कोणालाही नाही,” मावशी म्हणाली. “पिसाळली म्हणणाराच दहा पावलांवरून बोलला.”

वॉचमननं आपल्या बुटांकडे बघितलं.

मावशीनं केरसुणीच्या दांड्यानं पाण्याची थाळी पुढे ढकलली. हजेरीनं मान लांबवून लपलप पाणी प्यायलं. धाकटा गाडीवाला म्हणाला, “पाणी पितेय की. पिसाळलेलं पाणी पीत नाही.”

“तू किती पाहिलीस?” थोरल्यानं विचारलं.

“एकही नाही.”

“मग गप्प बस.” पण तो स्वतःही गाडीच्या पायरीवर बसला. “मावशी, डॉक्टर येतायत म्हणता, तर येईपर्यंत थांबतो. त्या हो म्हणाल्या तर तुम्ही उठायचं, काय?”

“त्या हो म्हणाल्या तर काठी मी धरू लागेन.”

परात निम्मी निवडून झाली तेव्हा डॉक्टरीणबाई आल्या. तिशीच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी जाड हातमोजे घातले, कुत्रीच्या तोंडाला पट्टी बांधली, ताप बघितला, मागचे पाय एकेक उचलून सोडले, डोळ्यांत दिवा मारला. कानाची खाच बघून म्हणाल्या, “ही खाच आमचीच खूण. हिचं नसबंदीचं ऑपरेशन आणि रेबीजची लस आमच्याकडेच झालीय, गेल्या वर्षी.” मग धाकट्या गाडीवाल्याचं तेच पाण्याचं शास्त्र ऐकून म्हणाल्या, “पाणी प्यायलं म्हणजे रेबीज नाही, असं कधी धरू नका. यानं माणसं मरतात. पण ही लस घेतलेली आहे, शुद्धीवर आहे, मला ओळखते आहे, आणि काय खाल्लं ते या बाईंनी दाखवलंय. मॅकडेमियानं कुत्र्याचे मागचे पाय असेच जातात. उलट्या, ताप, थरथर. का होतं ते अजून कोणाला नीट कळलेलं नाही, पण होतं. बहुतेक कुत्री एक-दोन दिवसांत उठतात. मी औषध देते. तरी दहा दिवस हिला कोंडून ठेवा आणि नजर ठेवा.”

“कुठे कोंडायची?” मालकांनी विचारलं.

“जुन्या भट्टीच्या खोलीत,” मावशी म्हणाली. “रिकामी आहे. किल्ली माझ्याकडे राहील.”

“आणि तिनं कोणाला चावलं तर?”

“तर मी दुसऱ्या दिवसापासून येणार नाही. लिहून घ्या.”

मालकांनी खरंच लिहून घेतलं. तो कागद अजून त्यांच्या खणात आहे. मावशीनं अंगठा लावला नाही. ठसा उमटत नाही म्हणून सही केली.

गाडी रिकामी गेली. डॉक्टरीणबाई पिशवी आवरता आवरता म्हणाल्या, “हे घमेलं रोज टाकता? त्यात काय काय असतं?”

मावशीनं सांगितलं. त्या ऐकत गेल्या आणि मध्येमध्ये बोलत गेल्या. साध्या, बिनमिठाच्या शेंगदाण्याचे दोन दाणे कुत्र्यानं खाल्ले तर काही बिघडत नाही, पण गरजही नाही. बदाम कुत्री न चावता गिळतात, घशात किंवा आतड्यात अडकतो. सगळ्याच मेव्यात चरबी फार. उलट्या, जुलाब, कधी स्वादुपिंड सुजतं. खारवलेलं तर नकोच. वॉचमन गोदामातल्या मांजरीला खारे काजू चाटायला देतो हे निघाल्यावर त्या त्याच्याकडे वळल्या. “मांजर मांस खाणारं जनावर. तिला काजूतून काही मिळत नाही, मीठ आणि चरबी तेवढी पोटात जाते.”

“तिला आवडतात हो,” वॉचमन म्हणाला.

“तुम्हाला विडी आवडते. डॉक्टर काय म्हणतात?”

मग त्यांनी सहज विचारलं, “बुरशी आलेला अक्रोडही त्याच घमेल्यात जातो?”

“जायचा,” मावशी म्हणाली.

“तो तर अजिबात टाकू नका. काही बुरश्यांचं विष असतं. अंग थरथरायला लागतं, झटके येतात, वेळेवर उपचार झाले नाहीत तर कुत्रं मरतं.”

मावशीचा हात परातीत थांबला. चोवीस वर्षांत कामाच्या वेळी तो हात थांबलेला जाऊनं पहिल्यांदा पाहिला.

तीन वर्षांपूर्वी याच भिंतीशी एक कुत्रा मेला होता. हनुवटीला पांढरे केस, म्हणून दाढीवाला म्हणायचे. सकाळी थरथरताना दिसला, दुपारपर्यंत झटके देऊन गेला. त्या आठवड्यात अक्रोडाची ओल लागलेली पोती आली होती. पण पोत्यांचा विचार कोणाच्या मनात आला नाही. गल्लीत समोर एक पेंटर होता, पाट्या रंगवणारा. दाढीवाला त्याच्या वाळत ठेवलेल्या पाट्यांवर पाय वर करायचा आणि पेंटर गल्लीभर ऐकू जाईल असा ओरडायचा, एक दिवस याला बघून घेतो. झालं. विष पेंटरनं घातलं. मावशीनं मागच्या फाटकाजवळच्या नळावर उभं राहून त्याला ‘कुत्रेमारू’ म्हटलं आणि ते नाव चिकटलं. कारखान्याच्या गाड्यांवरची अक्षरं त्याच्याकडून गेली. वॉचमन त्याच्या हातचा चहा पिईना. तीन वर्षं त्या दुकानात कारखान्यातलं कोणी पाऊल टाकलं नव्हतं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, तशातली गोष्ट. फक्त चोर कोण ते त्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी नकळत सांगितलं.

हजेरी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उभी राहिली. मागचं अंग डुलत होतं, पण पाय तिचेच होते. तिसऱ्या दिवशी खरेदीदार येऊन गेले. त्यांना जुन्या भट्टीच्या खोलीतून भुंकणं ऐकू आलं, त्यांनी विचारलं, मालक म्हणाले, राखणीला ठेवलीय.

त्याच संध्याकाळी मावशी पेंटरकडे गेली. तो एका दुकानाच्या पाटीवर मोठं ‘क’ भरत होता. त्यानं मान वर केली नाही.

“दाढीवाला तुम्ही मारला नव्हता,” मावशी म्हणाली.

“हे मला माहीत होतं.”

“मला नव्हतं.”

“तुम्ही विचारलंही नव्हतं.”

“नाही. ओरडणारी पहिली मीच.”

“दुसरी तुमची जाऊ. आवाज तिचा मोठा होता.” त्यानं कुंचला डब्याच्या काठावर निथळला. “मग कोणी मारला?”

“मी. बुरशीचे अक्रोड होते घमेल्यात.”

पेंटरनं ‘क’ पुरा केला. मग म्हणाला, “हे इथे सांगून काय उपयोग? माझ्या दुकानात मी एकटा. ओरडलात कुठे?”

“नळावर.”

“मग?”

जाऊनं घरी समजावून पाहिलं. तीन वर्षं झाली, कुत्रं परत येणार नाही, लोक हसतील, मालकांचं डोकं आधीच फिरलंय. “आपण काय जाणूनबुजून घातलं होतं का?”

“त्यानंही जाणूनबुजून काही केलं नव्हतं. तरी आपण त्याला सोडलं का?”

“आणि घमेलं? घमेलं बंद करणार? थोरल्या मालकांपासूनची रीत आहे. मुक्या जनावराच्या तोंडचा घास काढायचा?”

“तो घास नाही. आपला कचरा आहे. आपण त्याला पुण्य म्हणत होतो, एवढंच.”

दुसऱ्या दिवशी साडेपाचला बायका नळावर हात धूत होत्या. मावशी भरलेलं घमेलं घेऊन आली, फाटकाबाहेर गेली नाही, नळाशीच थांबली. कुत्री उठून उभी राहिली होती. पेंटर आपल्या दारात, हात पुसत.

“सगळ्यांनी ऐका,” मावशी म्हणाली. आवाज चढवला नव्हता, पण यंत्रं बंद झालेली असल्यानं पोचला. “दाढीवाला पेंटरनं मारला नाही. मी मारला. माझ्या हातचे बुरशीचे अक्रोड खाऊन मेला. मी याच नळावर पेंटरला नाव ठेवलं होतं. ते नाव आता कोणाला ठेवायचं असेल तर मला ठेवा. आणि हे घमेलं आजपासून बाहेर जाणार नाही.”

तिनं ते पलीकडच्या पिंपात ओतलं आणि झाकण लावलं. एक बाई म्हणाली, “म्हणजे आता कुत्र्यांनाही पथ्यपाणी.” दोघी हसल्या. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पेंटर आत निघून गेला.

तेवढ्यानं रीत मोडत नाही. आठवडाभरात मावशीनं तिघींना ओंजळीत काजू लपवून फाटकाकडे जाताना पकडलं. त्यांतली एक तिची जाऊ होती. मग मावशीनं पेंटरला मजकूर दिला. त्यानं विचारलं, शब्द कमी करू का. ती म्हणाली, एकही नाही. पाटी मागच्या फाटकावर लागली:

‘येथे कुत्र्यांना मेवा टाकू नये. गोटीनं पाय जातात. बुरशीच्या अक्रोडानं जीव जातो. खारं, तळलेलं काहीच नको. मांजरालाही नको. खाल्लं असेल तर वाट बघू नका, डॉक्टरांकडे न्या आणि काय खाल्लं ते खरं सांगा.’

मालकांनी ती त्याच दुपारी उतरवली. मेव्याच्या कारखान्याच्या दारावर ‘जीव जातो’ असं लिहिलेलं त्यांना चालणार नव्हतं. मावशीनं दुसरी लावली. तीही उतरली. तिसरी उतरवायला मालक स्वतः आले. वॉचमनला कितीदाही सांगितलं तरी पाना सापडत नाही, असं तो म्हणायला लागला होता.

चौथी पाटी झालीच नाही. सोमवारी सकाळी आठला बायका आल्या तेव्हा गल्लीच्या पलीकडची पेंटरची अख्खी भिंत पांढरी झालेली होती आणि तिच्यावर तोच मजकूर, हातभर उंच अक्षरांत, लाल रंगात. मालकांच्या केबिनची खिडकी नेमकी त्या भिंतीसमोर उघडते.

त्यांनी मावशीला बोलावून घेतलं. “त्याला पुसायला सांगा.”

“भिंत त्याची आहे.”

“मजकूर तुमचा आहे.”

“आहे. त्यात चुकीचं काही असेल तर दाखवा, मी आत्ता जाऊन पुसते. स्वतःच्या हातानं.”

मालकांनी खिडकीतून बराच वेळ भिंत वाचली. चुकीचं काही सापडलं नाही. “लोक काय म्हणतील, मावशी?”

“म्हणतील, यांच्याकडे निवडायला बसणारी बाई डोळे उघडे ठेवून बसते. तुम्ही चड्डीत असल्यापासून मी त्या टेबलाशी आहे. वाईट दाणा दिसला की बाजूला काढायचा, हेच शिकवलंय मला तुमच्या वडिलांनी. चांगल्यात मिसळून टाक असं कधी म्हणाले नाहीत.”

“आणि मी कामावरून काढलं तर?”

“तर मी त्या भिंतीखाली स्टूल टाकून बसेन. जागा सावलीची आहे.”

त्यांनी काढलं नाही. खिडकीला पडदा लावला. गाड्यांची अक्षरं अजून दुसराच माणूस रंगवतो. पेंटरनंही विचारायला जायचं नाव काढलेलं नाही. मावशीशी तो फार बोलत नाही. नळावर दिसली तर मान हलवतो. जाऊला मात्र रोज म्हणतो, “आवाज काय म्हणतो?” आणि जाऊ रोज चिडते.

दहा दिवस संपले त्या सकाळी मावशीनं भट्टीच्या खोलीचं कुलूप काढलं. हजेरीनं कोणाला चावलं नव्हतं. ती सरळ पुढच्या फाटकात गेली आणि आठची हजेरी संपेपर्यंत बसून राहिली. आता संध्याकाळी घंटा झाली की उठते आणि मावशीच्या मागोमाग पिंपापर्यंत जाते. घमेलं ओतलं जाताना बघते, झाकण बसतं तेही बघते, मग मान तिरकी करून मावशीकडे बघत राहते.

“बघू नकोस,” मावशी घमेलं पालथं घालते. “मिळणार नाही.”